स्थिर स्थिती सिद्धांत

विश्व प्रसरण पावत असले तरी त्याचे एकंदर स्वरूप कालमानाने बदलत नाही, त्याला आरंभ नाही व अंतही नाही, असे मानणारी विश्वरचनाशास्त्रातील उपपत्ती. हेरमान बाँडी व टॉमस गोल्ड यांनी एका निबंधात आणि फ्रेड हॉईल यांनी स्वतंत्र निबंधात ती १९४८ मध्ये मांडली.

उगमाविषयी एकवाक्यता नाही. डेड ऑफ नाइट (१९४५) या चित्रपटाचे कथानक जिथून निघते तिथेच परत येते. त्यावरून ही कल्पना सुचल्याची आठवण हॉईल सांगत. ती रंजक असली तरी तिच्यावर फार भार टाकू नये. दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या) केंद्रांतून विश्वात नवे द्रव्य येत असावे, असे ब्रिटिश ज्योतिर्विद जेम्स जीन्स यांनी १९२८ मध्येच सुचविले होते. आइन्स्टाइन यांचे १९३१ च्या सुमाराचे एक अप्रकाशित हस्तलिखित जेरूसलेमच्या संग्रहात असून त्यात विश्वाची घनता स्थिर राखणारी द्रव्यनिर्मिती गृहीत धरली आहे. मात्र एका सहगुणकाची चूक दुरुस्त करताच घनता शून्य येते. बहुधा म्हणूनच त्यांनी तो नाद सोडला. १९४८ च्या त्रयीला हे लिखाण ठाऊक असण्याचा संभव दिसत नाही.

तत्कालीन निमित्त अधिक ठोस होते. ज्योतिर्विद एडविन हबल यांच्या मापनानुसार प्रसरणाचा दर (हबल स्थिरांक) दशलक्ष पार्सेक (१ पार्सेक = सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) अंतरामागे सेकंदाला सुमारे ५०० किमी. येई. त्याच्या व्यस्तातून (हबल काल) विश्वाचे वय जेमतेम २ अब्ज वर्षे निघे, म्हणजे पृथ्वीवरील खडकांहून कमी. ज्योतिर्विद वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये अंतरांचे मोजमाप सुधारल्यावर ही अडचण सैल झाली.

प्रसरणाने घनता घटू नये म्हणून द्रव्य सतत निर्माण व्हावे लागते. निर्मितीचा दर घनतेच्या व हबल स्थिरांकाच्या गुणाकाराच्या तिप्पट असतो. आजचे आकडे घातल्यास घनमीटरभर जागेत अब्ज वर्षांत हायड्रोजनचा साधारण एक अणू, म्हणजे प्रयोगशाळेत पकडता येणार नाही इतका. दीर्घिकांचे सरासरी वय हबल कालाच्या एकतृतीयांश येते. विश्व सर्वत्र व सर्वकाळ सारखेच असते, या तत्त्वावरून बाँडी-गोल्ड यांनी हे सारे काढले. हॉईल यांनी आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणे बदलली. पुढे हॉईल व जयंत नारळीकर यांनी द्रव्यनिर्मिती घडवणारे ऋण ऊर्जेचे सी-क्षेत्र आणून, शून्यातून द्रव्य आल्यास ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम मोडतो या आक्षेपाला उत्तर दिले. गणिती दृष्ट्या ही मांडणी अधिक समाधानकारक वाटते.

खरी झुंज रेडिओ उद्गमांच्या (रेडिओ तरंग सोडणाऱ्या खस्थ पदार्थांच्या) गणनेवर झाली. उद्गम सर्वत्र सारखे विखुरलेले असतील, तर तीव्रतेची मर्यादा चौपट खाली आणल्यावर दुप्पट अंतरापर्यंतचे उद्गम दिसतात व त्यांची संख्या आठपट होते. स्थिर स्थितीत ती आठपटीहून कमीच भरावी. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांच्या १९५५ च्या यादीत (१,९३६ उद्गम) ती ६४ पटींजवळ गेली. पण रेडिओ दुर्बिणीची शलाका (एका वेळी टिपले जाणारे आकाशाचे क्षेत्र) रुंद असल्याने शेजारचे अनेक मंद उद्गम मिळून एकच ठळक उद्गम भासत होता. सिडनीच्या बर्नार्ड मिल्स यांची यादी तिच्याशी जुळेना. राइल यांनी १९६१ मध्ये सुधारित गणना दिली, तेव्हा वाढ सुमारे १२ पट उरली. तरीही आठाच्या वरच, म्हणजे दूरवर, पर्यायाने पूर्वीच्या काळी, उद्गम अधिक होते असे सुचविणारी. स्थानिक असमान वाटपामुळे असे दिसू शकते, हा हॉईल-नारळीकरांचा त्याच वर्षीचा प्रतिवाद तर्कशुद्ध होता. दूरच्या क्वासारांची (अतिदूरच्या, अत्यंत तेजस्वी दीर्घिका-केंद्रांची) संख्या कळू लागल्यावर तो टिकला नाही.

पेन्झिअस व विल्सन यांना ७.३५ सेंमी. तरंगलांबीवर सापडलेल्या पार्श्वभूमी प्रारणामुळे (सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंगांमुळे, १९६५) बहुतेकांनी महास्फोटाची, म्हणजे विश्वाला अतितप्त व घन अवस्थेतून आरंभ झाला या प्रतिस्पर्धी सिद्धांताची, बाजू घेतली. हॉईल, जेफ्री बर्बिज व नारळीकर यांनी १९९३ मध्ये सुधारित रूप मांडले. त्यात विश्व सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनांनी आकुंचन-प्रसरण पावत हळूहळू वाढते, आणि ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पार्श्वभूमी प्रारण तयार होते. प्रारणातील बारीक चढउतारांचे स्पष्टीकरण या मांडणीत ओढूनताणून बसवावे लागते.

प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे १९९८ मध्ये आढळले. मंदन गुणांक (प्रसरण किती मंदावते याचे माप; ऋण असल्यास वेग वाढतो) ऋण असावा, हे मूळ सिद्धांताचे भाकीत होते, परंतु त्याचे अपेक्षित मूल्य -१ होते, निरीक्षणे -०.५५ च्या आसपास येतात.