दोन जीबी ग्राफिक, पण विहीर कुणाची?

परवा परभणीहून भाच्यानं व्हॉट्सॲपवर दोन कोटेशनचे फोटो टाकले अन् खाली एवढंच लिहिलं, "मामा कोणतं घेऊ, पप्पा म्हणतेत ४ जीबीवालंच घ्यायचं". बारावी झाली, तुरीचे पैसे हातात आहेत, घरात पहिला डेस्कटॉप येणार, कामापुरतं कॉलेजचं काम अन् खरं म्हणजे व्हॅलोरंट अन् जीटीए हे गेम. पहिल्या कोटेशनात होतं रायझन ५ ५६००जी (एएमडीचा प्रोसेसर), ८ जीबी रॅम, "२ जीबी ग्राफिक". दुसऱ्यात आय५ (इंटेलचा प्रोसेसर), १६ जीबी रॅम, "४ जीबी ग्राफिक", अन् वरून तीन हजारानं स्वस्त. दाजींचा हिशोब सरळ, दोनापेक्षा चार मोठे अन् पैसे पण कमी, मंग त्यात विचारायचं काय.

विचारायचं हेच की ते दोन कुणाचे अन् ते चार कुणाचे. कोटेशनवर दोन्ही ठिकाणी शब्द एकच लिहितेत, "ग्राफिक", पण पहिल्यातलं ग्राफिक प्रोसेसरच्या पोटात असतं अन् दुसऱ्यातलं वेगळं कार्ड असतं, अन् या दोघांच्या "जीबी"ची तुलना करणं म्हणजे सामाईक विहिरीतल्या हिश्श्याची अन् स्वतःच्या बोअरची तुलना करण्यासारखं आहे.

आपल्याकडं सातबाऱ्यावर विहीर सामाईक असली की काय होतं माहितीच आहे. पाणी एकच, पाळी लावायची, मोठ्याचा ऊस भिजेपर्यंत धाकट्यानं थांबायचं. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स म्हणजे हा धाकटा. त्याला स्वतःची मेमरी नसते, तो कॉम्प्युटरच्या रॅममधूनच पाणी उपसतो, अन् त्याच वेळी प्रोसेसर पण त्याच रॅममधून उपसत असतो. दुकानदार जे "२ जीबी" लिहितो ते फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) धाकट्याच्या नावानं राखून ठेवलेलं पाणी, त्या सेटिंगचं नाव यूएमए फ्रेम बफर, तिथं ५१२ एमबी ठेवा नाहीतर २ जीबी ठेवा, प्रोसेसर तोच राहतो. म्हणजे तो आकडा विकत घेतलेला नसतोच, तुमच्याच रॅममधून काढून तुम्हालाच दाखवलेला असतो. वेगळ्या कार्डाचं तसं नाही, त्याच्यावर स्वतःच्या मेमरीच्या चिपा असतेत, जवळच बसवलेल्या, त्यात दुसऱ्या कुणाची पाळी नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल मंग झालं की, बोअरच भारी, दाजींचंच बरोबर. थांबा जरा.

विहिरीत पाणी किती याच्या आधी पाईप किती इंची ते बघावं लागतं. गेममध्ये दर सेकंदाला किती डेटा मेमरीतून ये-जा करू शकतो त्यावर खेळ आहे. डीडीआर४ ३२०० ची रॅमची एकच पट्टी लावली तर जास्तीत जास्त २५.६ जीबी दर सेकंदाला, दोन पट्ट्या लावल्या की ५१.२, म्हणजे सरळ दुसरी पाईपलाईन. जीटीएक्स १६५० सारखं बऱ्यापैकी कार्ड (२०१९ चं, जीडीडीआर५ म्हणजे कार्डासाठीच्या वेगवान मेमरीवालं) १२८ देतं अन् ते पण एकट्याला. आता जीटी ७१० बघा, २०१४ चं कार्ड, अजून दुकानात नव्या खोक्यात मिळतं, त्याची डीडीआर३ मेमरी देते १४.४. चौदा! म्हणजे स्वतःचा बोअर आहे पण पाणी करंगळीएवढं, सामाईक विहिरीवर पाळीनं मिळणारं पण याच्यापेक्षा जास्त. जीटी ७३० ची तर अजूनच मजा, नाव एक अन् आत प्रकार वेगवेगळे, जीडीडीआर५ वालं ४० पर्यंत जातं अन् ६४ बिटचं (अरुंद वाटेचं) डीडीआर३ वालं ७१० च्याच रांगेत. अन् ज्या खोक्यावर "४ जीबी" मोठ्या अक्षरात असतं ते बहुतेक डीडीआर३ वालंच निघतं, कामून की हळू मेमरी स्वस्त, ती भरपूर टाकली की आकडा मोठा दिसतो. हौद चार हजार लिटरचा अन् तोटी अर्ध्या इंचाची.

भाच्याच्या दुसऱ्या कोटेशनात कोणतं कार्ड ते लिहिलंच नव्हतं. त्याला म्हणलं विचारून घे, कार्डाचं पूर्ण नाव अन् आय५ चा पूर्ण नंबर. उत्तर आलं जीटी ७३०, डीडीआर३, अन् आय५ ३४७०. हा प्रोसेसर २०१२ चा हो, भाचा तवा शाळेत पण नीट जात नव्हता. कुठल्यातरी हापिसातून निघालेला डबा, नवं कॅबिनेट चढवून, लाईट लावून. जुनं घेण्याला माझी ना नाही, मी स्वतः जुन्यावरच शिकलो, पण जुनं म्हणून सांगून द्या ना. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते अन् हे तिसऱ्या पिढीचं. जुगाड करून ११ टाकता येतं, टाकून पण देतेत, पण व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) अन् सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची तपासणी) मागतं, ते या मशीनवर कुठून आणायचं. म्हणजे ज्या गेमसाठी घेतलं तोच गेम उघडणार नाही.

तर माझं मत असं की "इनबिल्ट (प्रोसेसरमधलं ग्राफिक्स) का कार्ड" हा प्रश्नच अर्धवट आहे. चांगलं इनबिल्ट हे भंगार कार्डापेक्षा वरचढ अन् चांगलं कार्ड हे कोणत्याही स्वस्त इनबिल्टपेक्षा वरचढ. मधली जागा, म्हणजे "थोडं का होईना पण कार्ड आहे ना", तिथंच लोकांचे पैसे बुडतेत.

पण हां, इनबिल्ट इनबिल्टमध्ये पण जमीन-अस्मानाचा फरक. ५६००जी मध्ये वेगा ७ ग्राफिक्स आहे, त्यावर १०८० पीला लो सेटिंगवर व्हॅलोरंट शंभर एफपीएसच्या (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या) वर आरामात जातं, जीटीए ५ नॉर्मल सेटिंगवर साठच्या आसपास खेळता येतं, माईनक्राफ्ट, रॉकेट लीग, क्रिकेटचे जुने गेम सगळं होतं. इंटेलच्या आय३ १२१०० मध्ये यूएचडी ७३० असतं, ते स्क्रीन दाखवायला अन् हलक्याफुलक्या गेमला ठीक, वेगाच्या शेजारी त्याला उभं करू नका. अन् त्याचाच भाऊ १२१००एफ, त्यात एफ म्हणजे ग्राफिक्सच नाही. हे एफ लई जणांना रडवतं. थोडा स्वस्त म्हणून घेतेत, म्हणतेत कार्ड नंतर बघूत, घरी आणून जोडलं की पंखे फिरतेत, लाईट लागतेत अन् स्क्रीन काळी. मदरबोर्डावर एचडीएमआयचं (मॉनिटरच्या वायरचं) भोक असतं पण त्याच्यामागं कुणीच नसतं. एएमडीच्या एएम४ बोर्डाच्या रायझनमध्ये उलटं, आकड्यामागं जी असलं तरच ग्राफिक्स. ५६०० वेगळा अन् ५६००जी वेगळा, बोलताना दुकानदार पण "छप्पनशे" म्हणून मोकळा होतो, बिलावर जी लिहिलंय का ते बघून घ्या.

अन् कार्डवाल्यांची एक गंमत, ही मी स्वतः केलेली आहे म्हणून सांगतो. पहिलं कार्ड बसवलं अन् मॉनिटरची वायर सवयीनं वरच्या, बोर्डाच्या भोकात खोचली. पंधरा दिवस गेम अडकत अडकत खेळलो अन् कार्डाला शिव्या दिल्या. वायर खालच्या आडव्या भोकात, कार्डाच्या, लावायची असते. पंधरा दिवस!

आता रॅमची गोष्ट, कामून की सामाईक विहिरीत सगळं तिच्यावरच आहे. ५६००जी घेऊन ८ जीबीची एकच पट्टी लावणं हा सगळ्यात मोठा घाटा. एक तर त्या आठातले दोन ग्राफिक्सला गेले, उरले सहा, त्यात विंडोज स्वतःच तीन-चार खाऊन बसतं. अन् वरून पाईप एकच. तोच गेम, तीच सेटिंग, एका पट्टीवर चौथा-तिसरा हिस्सा एफपीएस असेच उडतेत. म्हणून ८ च्या दोन, चार भोकांचा बोर्ड असेल तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या अन् चौथ्या भोकात. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत हे मला पण माहितीय, दुकानदार "१६ ची एकच घ्या, पुढं वाढवता येईल" म्हणेल, ते वेगळं कार्ड असणाऱ्याला एकवेळ चालेल, इनबिल्टवाल्यानं ऐकू नये. अगदीच हात आखडता असेल तर एसएसडी (डिस्क) लहान घ्या पण पट्ट्या दोनच.

लाईटचं पण बोलायला पाहिजे, ते पुण्या-मुंबईचे व्हिडिओवाले बोलत नाहीत. आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, वर पत्रा, अन् संध्याकाळी सगळ्यांचे कूलर लागले की व्होल्टेज खाली. ५६००जी प्रोसेसर अन् ग्राफिक्स मिळून ६५ वॅटचा, पूर्ण डबा गेम खेळताना शंभर-सव्वाशेच्या आसपास. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे बहुतेक ३६० वॅट, त्यावर हा डबा अन् मॉनिटर लाईट गेली तरी तग धरतो, गेम नीट बंद करून उठता येतं. कार्ड आलं की त्यात जीटीएक्स १६५० चे ७५, आरएक्स ६६०० घेतलं तर १३२ वाढले, तेवढीच गरमी खोलीत आली अन् तेवढा यूपीएस लवकर बसला. कार्डला वाईट म्हणत नाही, पण यूपीएस अन् चांगला एसएमपीएस (डब्याला वीज पुरवणारा भाग) त्याच्या किमतीतच धरा. कॅबिनेटसोबत फुकट येणारा "४५० वॅट"वाला एसएमपीएस हातात घेऊन बघा, नुसता हलका फुगा असतो, त्यावर कार्ड लावायचं धाडस करू नका.

मग चांगलं कार्ड कोणतं? नव्यात आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॅटचं आहे, विजेची वेगळी वायर लागत नाही, जुन्या ब्रँडेड डब्यात पण बसून जातं, फक्त डबा बारीक असेल तर उंची मोजा. पैसे असतील तर आरएक्स ६६००, ८ जीबी. आरएक्स ६४०० अन् ६५०० एक्सटी दिसायला स्वस्त, पण ती कार्डं पीसीआयईच्या (कार्ड अन् बोर्डामधल्या वाटेच्या) चारच लेनवर चालतेत, नव्या ४.० बोर्डावर ठीक, पण ५६००जी हा ३.० च देतो, तिथं ती अजून मार खातेत. म्हणजे आज ५६००जी घेऊन उद्या कार्ड टाकायचा बेत असेल तर ही दोन सोडून बघा.

जुन्या कार्डाच्या बाजारात जरा जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग बंद झालं अन् दिवसरात्र राबलेली कार्डं ढिगानं बाजारात आली, त्यातली काही अजून हात बदलत फिरतेत. त्यापेक्षा वाईट म्हणजे नकली, जुन्या जीटीएक्स ५५० टीआयला १०५० टीआयचं बायोस (कार्डातलं सॉफ्टवेअर) टाकून विकतेत, विंडोजला पण १०५० टीआयच दिसतं. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं की नावाआधी फेक लिहून येतं, पैसे द्यायच्या आधी दुकानातच चालवा, मेमरी डीडीआर३ का जीडीडीआर५ ते पण तिथंच दिसतं. टास्क मॅनेजरवर विसंबू नका, तिथं इनबिल्टचे राखलेले २ जीबी पण "डेडिकेटेड" म्हणूनच दाखवतेत. दुकानदार तेच उघडून दाखवतो, बघा म्हणतो, तुमच्या हक्काचे आहेत.

दाजींना मी फोनवर विहिरीवरच समजावलं, पाईपचं एका मिनिटात पटलं, कामून की त्यांची स्वतःची विहीर चुलत्यांसोबत सामाईक आहे अन् तो वाद अजून मिटला नाही. घेतलं शेवटी पहिलंच, ८ च्या दोन पट्ट्या करून अन् एसएमपीएस बदलून, कार्डाची जागा रिकामी. पुढच्या वर्षी सोयाबीनला भाव बरा लागला तर बघूत. काल भाच्याचा मेसेज, "मामा १६ घेतली अन् इथं १३.९ युजेबल दाखवायलंय, दुकानदारानं दोन जीबी मारले". मारले नाहीत रे बाबा, ते ग्राफिक्सच्या वाट्याला गेले. बायोसमध्ये जाऊन ५१२ एमबी करता येतं, विंडोज लागेल तसं रॅममधून अजून काढून देतंच, पण काही गेम आधीच आकडा बघून नखरे करतेत म्हणून जीटीए होईपर्यंत दोनच राहू दे म्हणलं.