मरायला बंदी? खरी गोष्ट जागेची होती

‘फ्रान्समधल्या एका गावात मरणं हा गुन्हा आहे’ हा मजकूर अनेक वर्षं फिरतोय. आदेश खरा आहे, अर्थ मात्र चुकीचा लावला जातो.

गाव सार्पुरेन्क्स, नैऋत्य फ्रान्समधलं, वस्ती जेमतेम २६०. २००८ मध्ये तिथले मेयर जेरार लालान यांनी आदेश काढला: दफनभूमीत ज्याची जागा नाही आणि ज्याला तिथेच पुरलं जायचंय, त्याने गावाच्या हद्दीत मरू नये, मोडेल त्याला कडक शिक्षा! म्हणजे बंदी सरसकट नव्हतीच. आता मेलेल्याला शिक्षा कशी करणार, हे काय मेयरना कळत नव्हतं?

दफनभूमी भरली होती. शेजारची जमीन घ्यायला पो शहरातल्या न्यायालयाने नकार दिला होता, म्हणून हा निषेध.

‘हद्दीत’ हा शब्द उगाच नाही. फ्रेंच कायद्यानुसार जो ज्या गावच्या हद्दीत मरतो, त्याला तिथे दफनाचा हक्क असतो, मग राहणारा कुठलाही असो. जागा देणं गावावर बंधनकारक, आणि जागाच नाही!

मेयर म्हटलं की आपल्याला मुंबईचे महापौर आठवतात. हे खरं तर सरपंचच. गावकरी परिषद निवडतात, परिषद मेयर निवडते. स्थानिक आदेश काढायचा अधिकार मात्र मेयरचा, तोच इथे वापरला. आधी २००० मध्ये ल लाव्हांदू गावच्या मेयरनेही हेच केलं होतं, तिथेही अडचण दफनभूमीच्या जागेचीच.