कॉफीत रोल धुणे (कॅफेनॉल)

इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांच्या द्रावणात कृष्णधवल फिल्म घरीच डेव्हलप करण्याची पद्धत. या द्रावणाला कॅफेनॉल म्हणतात. १९९५ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांसह त्याची पहिली कृती बसवली. क जीवनसत्त्वाची भर नंतर पडली. नावातून कॅफीनची आठवण होत असली तरी प्रतिमा उमटवण्याचे काम कॉफीतले कॅफेइक आम्ल करते. ते काम अल्कधर्मी पाण्यातच होते, म्हणून सोडा हवा.

क्रोमोजेनिक, म्हणजे रंगद्रव्यातून प्रतिमा घडवणाऱ्या, फिल्मच्या बाबतीत हा प्रकार विशेष रंजक आहे. इलफर्डची एक्सपी२ सुपर ही अशी फिल्म. कोडॅकची बीडब्ल्यू४००सीएनही तशीच, पण ती २०१४ साली बंद झाली. या फिल्म दिसायला कृष्णधवल, पण घडण रंगीत रोल धुण्याच्या सी-४१ या लॅबमधल्या प्रक्रियेसाठी. त्या प्रक्रियेत डेव्हलपर चांदी उमटवतो, आणि ते करताना ऑक्सिडीकरण झालेला डेव्हलपर फिल्ममधल्या कपलर या रसायनाशी जुळून रंगद्रव्य बनवतो. मग ब्लीच आणि फिक्सर मिळून चांदी काढून टाकतात. निगेटिव्हवर उरते ते फक्त रंगद्रव्य. कॉफीचे या कपलरशी जुळत नाही. त्यामुळे रंगद्रव्य तयारच होत नाही, चांदी मात्र नीट उमटते, आणि ती ब्लीच न करता नुसती फिक्स केली (फिक्सरने प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार काढले) की साध्या कृष्णधवल रोलसारखी निगेटिव्ह हाती येते. सी-४१मध्ये जास्त प्रकाश दिलेल्या जागी या फिल्मचा कण मऊ होतो. चांदीत तो उलट ठळक होतो. चेहऱ्यांपेक्षा भुईकोट किल्ल्याच्या दगडी बुरुजांना हा पोत जास्त शोभतो, असे माझे मत.

एक लिटरसाठी रूढ प्रमाण असे: निर्जल सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड १६ ग्रॅम, कॉफी ४० ग्रॅम, २० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे. आयएसओ ४००च्या वेगवान फिल्मवर धुके (प्रतिमेबाहेरची करडी छटा) चढू नये म्हणून १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड, किंवा त्याऐवजी १० ग्रॅम आयोडिनयुक्त मीठ घालतात. सोडा आधी विरघळवावा. मग क जीवनसत्त्व टाकले की पाणी फसफसते. ते निवल्यावर कॉफी. चिकोरी नसलेली स्वस्त कॉफी उत्तम. हे मिश्रण टिकत नाही, त्यामुळे रोल प्रकाशबंद डेव्हलपिंग टँकमध्ये भरून ठेवल्यावरच ते कालवावे. वास उग्र येतो, खिडकी उघडी हवी.

नवख्यांचा रोल बहुधा सोड्यापायी वाया जातो. खाण्याचा सोडा चालत नाही; तो कोरड्या कढईत चांगला तापवला तर मात्र त्यातून पाणी आणि वायू निघून जाऊन धुण्याचा सोडा तयार होतो. किराणा दुकानातले काचेसारखे पारदर्शक खडे म्हणजे स्फटिकजल असलेला सोडा. तो ५४ ग्रॅमऐवजी सुमारे १४६ ग्रॅम घ्यावा लागतो. हेच खडे हवेत राहिले की पांढरे, भुसभुशीत पडतात. मग त्यांच्या वजनाचा भरवसा धरता येत नाही. सोलापुरात सूत रंगवणाऱ्यांना लागणारा सोडा ॲश मिळाला तर हा प्रश्नच मिटतो, कारण तो निर्जलच असतो.

सोलापूरकरांची खरी झटापट उन्हाशी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हात पोळते, आणि २० अंश हा आकडा कागदावरच राहतो. पहाटे, रात्रभर माठात निवलेले पाणी घेऊन काम करावे, लागल्यास टँक बर्फाच्या परातीत धरावा, आणि पाणी जितके कोमट तितका वेळ कमी करावा. एक दिलासा आहे: सी-४१ प्रक्रिया ३७.८ अंशांवर चालते, त्यामुळे या फिल्मचे जिलेटिन तेवढी ऊब सोसण्याजोगे कडक केलेले असते. ३० अंशांच्या पाण्याने ते सुटत नाही. फक्त डेव्हलपर, मधले पाणी, फिक्सर आणि शेवटची धुलाई यांच्या तापमानात फार फरक नको.

फिक्सर मात्र स्वयंपाकघरात मिळत नाही, हायपो विकत आणावा लागतो. धुऊन वाळवलेल्या निगेटिव्हवर कॉफीची तपकिरी झाक राहते. ती स्कॅनिंगला आड येत नाही. पण स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई बंद ठेवावी, कारण चांदी तिला धूळच वाटते. आणि असा रोल पुन्हा सी-४१ लॅबमध्ये टाकू नये. तिथले ब्लीच आणि फिक्सर चांदी काढून घेतील, आणि रंगद्रव्य बनलेलेच नसल्याने हाती कोरी पट्टी येईल.