‘रिफ्यूज्ड’ची गोष्ट उमेओपासून का सांगावी लागते

‘रिफ्यूज्ड’ या स्वीडिश हार्डकोर पंक (रॉकचा अधिक वेगवान, आक्रमक प्रकार) बँडबद्दल लिहिताना बहुतेक जण 1998 पासून सुरुवात करतात. ते समजण्यासारखं आहे. त्याच वर्षी त्यांचा ‘द शेप ऑफ पंक टू कम’ हा अल्बम आला आणि त्याच वर्षी बँड मोडला. पण हा अल्बम ज्या मातीत उगवला ती माती बघितली नाही, तर त्यातला राग आणि त्यातलं धाडस दोन्ही अर्धवटच कळतात. म्हणून सुरुवात उमेओपासून.

उमेओ हे स्टॉकहोमच्या उत्तरेला सुमारे 600 किलोमीटरवरचं विद्यापीठाचं शहर. हिवाळा लांबलचक, दिवस जेमतेम काही तासांचा आणि राजकारणाचा कल पूर्वापार डावीकडे. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा असतात. शिवाय सरकारी अनुदानावर चालणाऱ्या लोकशिक्षण संस्था आहेत. चार पोरांनी मिळून तिथे ‘अभ्यासवर्ग’ म्हणून नाव नोंदवलं की तालमीला खोली मिळते, अनेकदा वाद्यंही मिळतात. खिशात पैसे नसलेल्या मुलांनाही बँड काढता येतो तो या व्यवस्थेमुळे. स्वीडिश स्वतंत्र संगीताचं कौतुक करताना या कंटाळवाण्या वाटणाऱ्या सरकारी सोयीचं नाव क्वचितच घेतलं जातं. माझ्या मते ते सगळ्यात आधी घ्यायला हवं.

नव्वदच्या दशकात या शहरात एक वेगळीच लाट उठली. दारू, सिगारेट, अमली पदार्थ यांना ठाम नकार देणारी ‘स्ट्रेट एज’ हार्डकोरची चळवळ अमेरिकेतून आली आणि इथे तिला प्राणिहक्कांच्या लढ्याची जोड मिळाली. शाळेत मोफत मिळणाऱ्या दुपारच्या जेवणात व्हीगन (मांसच नव्हे, दूध-अंडीही नसलेले) पदार्थ हवेत, अशी मागणी विद्यार्थी करू लागले आणि शाळांना ती मान्य करावी लागली. गायक डेनिस लिक्सेन आणि ड्रमर डाविड सांडस्त्रम यांनी 1991 मध्ये ‘रिफ्यूज्ड’ सुरू केला तो याच वातावरणात. बँड चालवायचा, पत्रकं छापायची, इतरांचे कार्यक्रम लावायचे, रेकॉर्ड काढायच्या, हे सगळं ही मुलं स्वतःच करत. ‘डेस्परेट फाइट’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी उभी करण्यातही लिक्सेनचा हात होता आणि शहरातल्या इतर हार्डकोर बँडना तिचा मोठा आधार झाला.

1994 आणि 1996 चे त्यांचे पहिले दोन अल्बम जोरकस आहेत, पण चाकोरीतले. 1996 च्या अल्बममध्ये धार बरीच वाढलेली दिसते. तरी पुढे काय येणार आहे याचा अंदाज त्यावरून कुणालाही आला नसता.

तिसरा अल्बम, म्हणजेच ‘द शेप ऑफ पंक टू कम’, उमेओतल्याच ‘टोनटेक्निक’ स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि ‘बर्निंग हार्ट’ या स्वीडिश स्वतंत्र कंपनीने काढला. त्याचं नाव अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 1959 च्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ या अल्बमच्या नावावरून घेतलेलं आहे. राजकारणात क्रांतीची भाषा करायची आणि संगीत मात्र वीस वर्षांपूर्वीच्या साच्यातलंच वाजवायचं, ही विसंगती त्यांना खुपत होती. मग त्यांनी डबल बासवरचे जॅझचे तुकडे घेतले, तंतुवाद्यं घेतली, इलेक्ट्रॉनिक ठेके घेतले. त्यातलं ‘न्यू नॉइज’ हे गाणं ऐकावं. सुरुवातीला गिटारची एकच तुटक ओळ दबा धरून पुढे सरकते. ताण वाढत जातो, गाणं आता फुटेल असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच ते मागे हटतं. सगळा बँड एकदम तुटून पडतो तो त्यानंतर, लिक्सेनच्या किंकाळीबरोबर. हा थांबा हेच त्या गाण्याचं खरं बळ आहे.

अल्बम बाजारात येतो न येतो तोच बँड संपला. त्या शरद ऋतूत ते अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. गर्दी तुरळक, पैशाची चणचण आणि आपसात धुसफूस. दौऱ्यातच मोडण्याचं ठरलं. शेवटचा कार्यक्रम व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्ग इथे एका घराच्या तळघरात झाला आणि काही गाणी होतात तोच पोलिसांनी तो बंद पाडला. मग एक जळजळीत पत्रक निघालं: आम्ही पुन्हा कधीही एकत्र वाजवणार नाही, वृत्तपत्रांनी आमचे फोटो जाळून टाकावेत.

पुढचं काम अल्बमने एकट्याने केलं. बँड हयात नाही, मुलाखती नाहीत, दौरे नाहीत, तरी तो हातोहाती फिरत राहिला आणि पुढच्या दशकातल्या कितीतरी हार्डकोर आणि मेटल बँडनी त्याचं ऋण मान्य केलं. लिक्सेनने दरम्यान ‘द इंटरनॅशनल नॉइज कॉन्स्पिरसी’ हा दुसरा बँड काढला. 2006 मध्ये गिटारवादक क्रिस्तोफर स्तेनने ‘रिफ्यूज्ड’च्या शेवटावर माहितीपट केला.

2012 मध्ये ते परत आले, कॅलिफोर्नियातल्या ‘कोचेला’ महोत्सवात. भांडवलशाहीविरुद्ध गाणाऱ्यांनी एवढ्या मोठ्या व्यावसायिक मंचावर उभं राहावं का, हा आक्षेप रास्त होता. पण आपसातल्या भांडणांमुळे त्या अल्बमला आम्ही तेव्हा न्याय दिला नव्हता, ही त्यांची बाजूही मला पटते. ज्या गाण्यांनी इतक्या लोकांना घडवलं, ती भरलेल्या मैदानापुढे वाजवण्याची संधी त्यांना तोवर मिळालीच नव्हती.

त्यानंतरच्या ‘फ्रीडम’ (2015) आणि ‘वॉर म्युझिक’ (2019) या अल्बममध्ये पहिल्यासारखा धक्का नाही. ‘फ्रीडम’मधल्या दोन गाण्यांसाठी त्यांनी पॉप संगीतातल्या बड्या नावांसाठी काम करणाऱ्या शेलबॅक या स्वीडिश निर्मात्याला घेतलं, यावर जुने चाहते नाराज झाले. 2020 च्या ‘सायबरपंक 2077’ या व्हिडिओ गेममधल्या काल्पनिक ‘समुराय’ बँडची गाणीही ‘रिफ्यूज्ड’नेच वाजवली आहेत आणि त्यातून एक नवी पिढी जुन्या अल्बमपर्यंत पोहोचली. 2024 च्या जूनमध्ये लिक्सेनला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून सावरून त्याने निरोपाचे कार्यक्रम पुरे केले आणि 21 डिसेंबरला बँडने शेवटचा कार्यक्रम केला, उमेओतच.