स्पीच थेरपिस्टचा कोर्स आला कुठून, आणि आपलं 'पानी' त्यात कुठं बसतं

आमच्या बीडकडं लेकरू तीन वर्षांचं झालं तरी बोलंना की आधी वेखंड उगाळून मधातून चाटवतात, मग कुणीतरी म्हणतं याचा बाप पण उशिराच बोलला होता, आणि असं करत करत अजून दोन वर्षं जातात. मग एखादा सांगतो, संभाजीनगरला जा, घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात, कान दाखव. स्पीच थेरपी हा शब्द बहुतेकांच्या कानावर तिथंच पहिल्यांदा पडतो. माझ्या भाचीला आता बारावीनंतर बीएएसएलपी, म्हणजे कान आणि वाचा यांच्या उपचाराची पदवी, करायचीय, आणि घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, हे डॉक्टरचं शिक्षण का मास्तरचं? मी याच कोर्समधून गेलोय म्हणून मागचं सगळं सांगतो.

विषय तसा शंभर वर्षांचा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९२० च्या दशकात तोतरेपणावर अभ्यास सुरू झाला, १९२५ ला अमेरिकेतल्या या विषयाच्या लोकांनी आपली संघटना काढली, तीच आजची आशा (ASHA, आपल्या आशा सेविका नव्हे). पण हे शिक्षण खरं वाढलं दुसऱ्या महायुद्धानंतर, कारण डोक्याला मार लागून वाचा गेलेले आणि तोफांच्या आवाजानं कान गेलेले सैनिक घरी आले आणि त्यांना परत बोलतं करायला शिकलेली माणसं पाहिजे होती. आज तिकडं मास्टर्सशिवाय थेरपिस्ट होता येत नाही. ४०० तास क्लिनिकल काम लागतं, त्यातले २५ तास बघायचं आणि ३७५ तास स्वतः पेशंटसोबत बसायचं. गिळण्याचा त्रास हा विषय त्यात बराच नंतर आला, आता लकव्याच्या पेशंटसाठी तो लागतोच.

आपल्याकडं म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था १९६५ ला निघाली, आणि मुंबईत नायर हॉस्पिटलला हे शिक्षण १९६६ ला सुरू झालं. मग १९८३ ला वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था. हे नाव आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होता. पुढं ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि पदावर असतानाच १९७६ ला वारले.

सुरुवातीची पुस्तकं आणि टेस्टा तिकडूनच आलेल्या, त्यामुळं साचा अमेरिकन राहिला. एक गोष्ट मात्र आपण वेगळी ठेवली. तिकडं कान आणि वाचा यांचं शिक्षण वेगळं झालं, ऑडिओलॉजीला तर डॉक्टरेट लागते. इकडं बीएएसएलपीत दोन्ही एकत्र, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, आणि एवढ्यावर माणूस प्रॅक्टिस करू शकतो. मला हे बरोबरच वाटतं, कारण जिथं तालुक्याला एक माणूस मिळायची मारामार तिथं कानाला एक आणि जिभेला एक कुठून आणणार.

१९९२ ला आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, कायदा झाला. तेव्हापासून अभ्यासक्रम देशभर एकाच चौकटीत आला आणि रजिस्टर नंबर नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणून आई-बापांना सांगतो, नंबर विचारा, लाजू नका.

आता जे मला सांगायचंय ते. शिकत असताना क्लिनिकला गेवराईकडचं एक लेकरू आलं, ऊसतोड कामगाराचं. मी चित्रं दाखवत गेलो, ते म्हणालं पानी, लोनी. मी फाईलवर लिहिलं, ण च्या जागी न, थेरपी लागेल. मॅडमनी फाईल बघितली आणि सोबत आलेल्या आजीला म्हणल्या, आजी, तहान लागल्यावर काय मागता? आजी म्हणली, पानी. मॅडमनी माझ्यासमोर ती ओळ खोडली. त्या लेकराची खरी अडचण र आणि क ची होती, ती मी शेवटी लिहिली होती.

हे पुस्तकात आहे, बोलीचा फरक आणि दोष यांत गल्लत करू नका, भाषाशास्त्राच्या पेपरात आम्ही चार मार्काला लिहिलेलं पण होतं. पण ते पुस्तकातलं उदाहरण बाहेरच्या देशातलं. देगलूरकडं तेलुगू, तांड्यावर गोरबोली, मोहल्ल्यात दखनी, आणि शाळेत प्रमाण मराठी, अशा लेकराची टेस्ट कुठल्या भाषेत घ्यायची हे इंटर्नशिपला आमच्या भागात बसल्याशिवाय कळत नाही. आणि ते गेवराईचं लेकरू, दिवाळीनंतर आई-बाप कारखान्याला गेले की पाच-सहा महिने क्लिनिकला येत नाही, तेव्हा आजीला घरी काय करून घ्यायचं ते शिकवावं लागतं, हे कुठल्याच पेपरात नव्हतं. आजीला मी क चे शब्द दिले होते, काकडी, कोंबडा, केळं. उन्हाळ्यात परत आली तेव्हा तिनं स्वतःची भर घातलेली होती, कणीस आणि कोयता.