फाइव्जचा हंगाम आणि वाढीचा हिशेब : पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये फाइव्जचा, म्हणजे हाताने भिंतीवर चेंडू मारण्याच्या खेळाचा, हंगाम शाळेच्या वर्षाला बांधलेला आहे. शरद ऋतूत शाळा मार्गी लागल्या की लढती सुरू होतात, ऐन हिवाळ्यात क्लबांच्या स्पर्धा रंगतात आणि वसंताच्या सुरुवातीला शालेय राष्ट्रीय स्पर्धा आटोपल्या की बहुतेकांचे चामडी हातमोजे कपाटात जातात, कारण पुढे क्रिकेटचे दिवस येतात. अशा एखाद्या हंगामाचा आढावा घेताना ‘वाढ’ हा शब्द हमखास येतो: नव्या जोड्या, मुलींचा वाढता सहभाग, पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेल्या शाळा. या वाढीबद्दल शंका नाही. मात्र ती कशाने मोजायची, यावर या खेळात जुना मतभेद आहे. त्याचे मूळ खेळाडूंपेक्षा कोर्टात आहे, म्हणून ही पार्श्वभूमी मुख्यतः कोर्टाची आहे.

उघड्या हाताने किंवा हातमोजा घालून भिंतीवर चेंडू मारण्याचा हा खेळ फार जुना आहे. सॉमरसेट परगण्यात तो चर्चच्या मनोऱ्यांवर खेळला जाई. मार्टॉक येथील चर्चच्या भिंतीत, छपरावर अडकलेला चेंडू काढायला चढता यावे म्हणून केलेल्या खाचा आजही दाखवतात. चर्चमधून हाकलल्यावर गावकरी खानावळींच्या मागे गेले. स्टोक-सब-हॅमडनमध्ये खानावळीमागची अशी एक उंच भिंत अजून उभी आहे. लंडनमध्ये १८१९ साली वारलेला एक आयरिश रंगारी या खेळातला आपल्या काळचा सर्वश्रेष्ठ मानला जाई. तो खेळे ती भिंत एका खानावळीच्या स्वयंपाकघराला लागून होती आणि त्याचा फटका बसला की आतल्या आचाऱ्यांना तो कोणाचा ते कळे, असे त्याच्या मृत्यूनंतर लिहिले गेले. तोपर्यंत खेळाला पैजा होत्या, प्रेक्षक होते आणि शाळेशी काही देणेघेणे नव्हते.

शाळांनी हा खेळ उचलला आणि त्याच्या वाटा फुटल्या. ईटन शाळेतली मुले चॅपलच्या, म्हणजे शाळेच्या प्रार्थनागृहाच्या बाहेर, दोन दगडी बट्रेसच्या (भिंतीला आधार देणाऱ्या, पुढे आलेल्या टेकूंच्या) मधल्या जागेत खेळत. तिथे पायऱ्यांच्या कठड्याचे टोक डावीकडून आत घुसलेले होते, जमिनीत एक उतरती पायरी होती आणि भिंतीवर पुढे आलेली दगडी कड होती. यातले काहीही खेळासाठी केलेले नव्हते. जागा एक आणि मुले अनेक, म्हणून १८४० मध्ये तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी चार नवी कोर्टे बांधून घेतली. बांधताना सपाट भिंतींचा सोपा चौकोन काढण्याऐवजी चॅपलच्या त्या कोपऱ्याची नक्कल केली गेली: तीच पायरी, तीच कड, तोच डावीकडचा बट्रेस आणि मागची बाजू उघडी. १८७७ मध्ये नियम लेखी झाले तेव्हा हा आकार नियमांचाच भाग होऊन बसला.

याचा परिणाम कोर्टात उभे राहिल्यावर कळतो. सर्व्हिस करणारा चेंडू समोरच्या भिंतीवरून उजव्या भिंतीवर हलकाच उंच टाकतो. तो मनासारखा पडला नाही तर घेणारा सोडून देऊ शकतो, कितीही वेळा. मग घेणारा तो आधी उजव्या भिंतीवर आणि तिथून समोरच्या कडेच्या वर हाणतो. चेंडू डावीकडे वळून बट्रेसच्या धारेवर आदळला तर कुठेही जाऊ शकतो. बट्रेस आणि पायरी यांच्या बेचक्यात, ज्याला खेळाडू ‘डेड मॅन्स होल’ म्हणतात, तिथे पडला तर तो उचलणे जवळजवळ अशक्यच. म्हणून एक जण पुढे बट्रेसपाशी आणि एक मागे अशी जोडी लागते, आणि ईटन फाइव्ज कायम दुहेरीतच खेळला जातो. पंच नसतो, चेंडू कडेच्या खाली लागला की नाही, ते खेळणारेच सांगतात. या खेळाची सगळी मजा त्या नक्कल केलेल्या अपघातात आहे आणि त्याचा खर्चही त्यातच आहे. असे कोर्ट बांधायला गवंडी कसबी लागतो आणि एकदा बांधले की ते दुसऱ्या कशाच्याही कामाचे नसते.

रग्बी या शाळेची वाट वेगळी. तिथले कोर्ट चार भिंतींचे, साधे, पायरी नाही की बट्रेस नाही. चेंडू चामड्याने मढवलेला. एकेरीही खेळता येते आणि दुहेरीही, आणि गुण फक्त सर्व्हिस घेणाऱ्याला मिळतो. विंचेस्टर शाळेचा तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला: चार भिंती, पण डाव्या भिंतीला एक छोटासा कोन. तो आजही मोजक्या शाळांपुरता आहे.

दोन्ही मोठ्या प्रकारांच्या संघटना १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, रग्बीची १९२७ मध्ये. तोवर प्रत्येक शाळेचे कोर्ट वेगळ्या मापाचे होते आणि पाहुण्या संघाला पहिला डाव भिंती ओळखण्यातच घालवावा लागे. रग्बी प्रकाराने पुढच्या काही वर्षांत माप ठरवले: सुमारे २८ फूट लांब, १८ फूट रुंद. हा निर्णय मला या खेळाच्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो, कारण त्यामुळेच शाळांबाहेर, विद्यापीठांत आणि क्लबांत, बरोबरीच्या स्पर्धा शक्य झाल्या.

त्याच मापाने पुढे एक अडचण मात्र निर्माण केली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्क्वॉश पसरला आणि १९७० च्या दशकात तर त्याची लाट आली. स्क्वॉशचे कोर्ट ३२ फूट बाय २१ फूट. रग्बी फाइव्जचे कोर्ट त्याहून दोन्ही बाजूंनी लहान, त्यामुळे त्यात थोडेफार फेरफार करून स्क्वॉश खेळता येईना. शाळेला पैसे आणि जागा हवी असली की फाइव्जचे कोर्ट कोठार व्हायचे, सायकली ठेवायला जायचे किंवा पाडले जायचे. आपल्याकडे मुंबईच्या जिमखान्यांमधून जो स्क्वॉश रुजला तो याच लाटेच्या आधीपासूनचा, पण कारण तेच: रॅकेट विकत मिळते, कोर्ट सगळीकडे एकाच मापाचे असते आणि क्लबाला त्यावर शुल्क लावता येते. फाइव्जला यातले शेवटचे कधी जमले नाही. खेळाडूंचे वर्तुळ किती लहान उरले होते हे एका गोष्टीवरून दिसते: १९७० च्या दशकापासून एकाच खेळाडूने रग्बी फाइव्जच्या एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद २० हून अधिक वेळा जिंकले. त्याची थोरवी निर्विवाद, पण मोठ्या खेळात असे होत नाही.

इथून पुढची वाढ कशी झाली, हे सांगताना सहसा प्रशिक्षकांच्या उत्साहाला श्रेय दिले जाते. ते असेलही. मोठे कारण मात्र शाळांच्या प्रवेशद्वाराशी घडले. फाइव्जची कोर्टे जवळजवळ सगळी मुलांच्या शाळांत होती, मुलींच्या शाळांनी ती क्वचितच बांधली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या शाळा एकेक करून मुलींना घेऊ लागल्या. हायगेटने २००४ पासून, तर श्रूजबरीने २००८ मध्ये वरच्या वर्गांपासून सुरुवात केली. जिथे कोर्ट होतेच, तिथे ते अचानक दुप्पट मुलांसाठी खुले झाले, एक वीटही न लावता. मुलींच्या स्पर्धा, मिश्र दुहेरी, विद्यापीठांतले महिला संघ ही सगळी रांग त्यामागून आली. मुलींच्या जोड्या वाढल्या म्हणजे मुलींना खेळ आवडू लागला, असे लिहिले जाते तेव्हा मला राग येतो. आवड होतीच की नाही हे विचारायची सोयच आधी नव्हती. दार बंद होते.

याच काळात सरकारी शाळांचाही वाटा ठळक झाला. ऑर्पिंग्टनच्या सेंट ओलेव्ह्ज आणि बार्नेटच्या क्वीन एलिझाबेथ या दोन्ही सरकारी ग्रामर शाळा (परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या) ईटन फाइव्ज खेळतात आणि फी घेणाऱ्या मोठ्या शाळांना हरवतात. लंडनच्या पश्चिम भागात, वेस्टवे या उड्डाणपुलाखालच्या क्रीडासंकुलात बांधलेली ईटन पद्धतीची कोर्टे कोणालाही तास बुक करून खेळता येतात. शाळेच्या आवाराबाहेर, पायरी आणि बट्रेससह अशी कोर्टे होणे हे १८४० नंतरचे या प्रकारातले सर्वांत मोठे पाऊल आहे, असे मी मानतो.

आता मतभेदाकडे. २०१० च्या आगेमागे फाइव्ज खेळणाऱ्यांपैकीच काहींनी ब्रिटनमध्ये एका भिंतीचा हँडबॉल, ज्याला तिथे वॉलबॉल म्हणतात, उचलून धरला. हा न्यूयॉर्कच्या बागांत आणि आयर्लंडमध्ये आधीच जोमात असलेला खेळ: २० फूट रुंद आणि १६ फूट उंच एक भिंत, समोर ३४ फूट लांब जमीन, रबरी चेंडू. प्राथमिक शाळेच्या पटांगणातल्या भिंतीवर रंगाच्या रेषा ओढल्या की झाले. फाइव्जला कधीही परवडले नव्हते असे काहीतरी हाताशी आले होते आणि त्यातून शेकडोंच्या संख्येने मुले पहिल्यांदा हाताने चेंडू भिंतीवर मारू लागतील, ही आशा रास्त होती.

प्रश्न असा, की ही मुले फाइव्जचे खेळाडू म्हणून धरायची का?

धरावीत म्हणणाऱ्यांचा मुद्दा कौशल्याचा आहे. रॅकेटच्या खेळात डावी बाजू बॅकहँडने झाकता येते. इथे डावा हात उजव्याइतकाच तयार करावा लागतो. वॉलबॉलवर ज्याने दोन्ही हात घडवले तो रग्बी कोर्टात अर्ध्या तासात रुळतो. शिवाय फाइव्ज स्वतः एका भिंतीवरच जन्मला, मनोऱ्यावर आणि खानावळीच्या मागे, मग त्याच भिंतीवर परत गेलेल्याला परका का म्हणायचे? आणि अनुदान देणाऱ्यांना आकडे लागतात. पाच-पंचवीस शाळांच्या खेळाला पैसा मिळवताना मोठा आकडा कामी येतो.

धरू नयेत म्हणणाऱ्यांचा मुद्दा कोर्टाचा आहे आणि तो मला अधिक पटतो. ईटनच्या कोर्टात पायरी, बट्रेस आणि जोडीदार या तिघांवाचून डाव उभाच राहत नाही. वॉलबॉलमध्ये यातले एकही आवश्यक नाही. बुचाचा आणि रबराचा टणक चेंडू आणि मऊ रबरी चेंडू हाताला वेगळी भाषा शिकवतात. पण खरी मेख पुढे आहे. पटांगणातल्या भिंतीवर तयार झालेली दहा वर्षांची मुलगी ज्या माध्यमिक शाळेत जाते तिथे फाइव्जचे कोर्ट बहुधा नसतेच. तिला ‘फाइव्जची वाढ’ म्हणून मोजले तर वहीत एक खेळाडू वाढतो आणि कोर्टावर एकही नाही. मग नवे कोर्ट बांधण्याची किंवा जुने सोडवून घेण्याची निकडच कागदावरून नाहीशी होते. वॉलबॉलला जागा द्यावी, पैसाही द्यावा, पण त्याचे रकाने वेगळे ठेवावेत. एकाच बेरजेत दोन्ही घालण्याची सवय या खेळाला महागात पडली आहे.

२०२० च्या मार्चमध्ये सगळी कोर्टे बंद झाली आणि २०२०-२१ चा हंगाम जवळजवळ वाहून गेला. या विरामाने तोच प्रश्न आणखी गुंतवला. त्यानंतरच्या वर्षांचे आकडे कोणत्या वर्षाशी ताडायचे? बंदीच्या वर्षाशी ताडले तर कोणताही हंगाम भरभराटीचा दिसतो. २०१८-१९ हाच तुलनेचा प्रामाणिक पाया आहे. शालेय खेळात तर एवढा खंड म्हणजे खेळाडूंची एक अख्खी पिढी: जी मुले तेव्हा वरच्या वर्गात होती ती धाकट्यांना काही न शिकवताच बाहेर पडली.

या सगळ्या हिशेबात उत्तर नायजेरिया क्वचितच येतो. १९२० च्या दशकात एका इंग्रज शिक्षकाने कात्सिना येथील महाविद्यालयात ईटन फाइव्ज नेला आणि तो तिथून सोकोतो, बिर्निन केब्बी, झारिया अशा शहरांत पसरला. मातीने लिंपलेली कोर्टे उभी राहिली. पायरी आणि बट्रेस तिथल्या गवंड्यांनी तिथल्या सामानात घडवले. इंग्लंडमध्ये ‘महाग, विचित्र आकार’ म्हणून ज्याची तक्रार होते तोच आकार तिथे मातीत उभा राहिला, आणि ब्रिटिश गेल्यावरही तिथले लोक खेळत राहिले. मलेशियात कुआला कांग्सारच्या मले कॉलेजात, स्वित्झर्लंडमध्ये त्सुओत्सच्या शाळेत आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या काही शाळांतही फाइव्ज पोहोचला, पण तो शाळेच्या भिंतींतच राहिला. नायजेरियात तो गावात उतरला. तिथली कोर्टे आणि तिथले खेळाडू इंग्लंडच्या वार्षिक बेरजेत नसतात, कारण स्पर्धा तिथल्या वेगळ्या आणि संघटना वेगळी. पटांगणातल्या वॉलबॉलला आपल्या वाढीत मोजणारा जर सोकोतोतल्या ईटन कोर्टाला वगळत असेल, तर तो काय मोजतो आहे हे त्याने स्पष्ट सांगायला हवे.

म्हणून एखाद्या हंगामाच्या वाढीचे आकडे समोर आले की प्रवेशिकांच्या संख्येआधी तीन गोष्टी पाहाव्यात: त्या वर्षी किती कोर्टे वापरात होती, त्यांपैकी किती संध्याकाळी शाळेबाहेरच्या लोकांना खुली होती, आणि शाळा सोडलेल्या खेळाडूंपैकी किती जण पुढच्या हिवाळ्यात क्लबात दिसले. तिसरी गोष्ट मिळवणे सर्वांत कठीण, कारण तिची नोंद ठेवायची पद्धत बहुतेक क्लबांना अजून पडलेली नाही.