त्रैक्य नाकारण्याच्या दोन उलट वाटा

‘त्रैक्य न मानणारे ख्रिस्ती’ असे शब्द कानावर पडले की ऐकणारा मनात लगेच ‘म्हणजे येशूला देव न मानणारे’ अशी नोंद करतो आणि पुढची सगळी चर्चा त्या चुकीच्या नोंदीवर चालते. एरियस आणि सबेलियस या सुरुवातीच्या शतकांतील दोन ख्रिस्ती शिक्षकांच्या मतांत त्रैक्याला, म्हणजे एका देवात तीन व्यक्ती असण्याला, जागा नाही, हे खरे. परंतु एकाने पुत्राचे देवत्व उणे केले, तर दुसऱ्याने ते इतके पूर्ण मानले की पुत्राहून वेगळा पिताच उरला नाही. या दोघांना एकाच पंक्तीत बसवणारे लेखन वाचून मी कंटाळलो आहे.

मूळ सिद्धान्त वाचकाला ठाऊक असेल. देव एक, पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ती. त्यात दोन वेगळे दावे आहेत, एवढे ध्यानात ठेवावे: तिघे समान आहेत आणि तिघे परस्परांहून भिन्न आहेत. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस पहिला दावा नाकारतो. त्याच्या मते पुत्र साऱ्या सृष्टीच्या आधीचा आणि तिच्याहून श्रेष्ठ असला, तरी तो पित्याने निर्माण केलेलाच आहे. तिसऱ्या शतकातील सबेलियसच्या नावावर असलेले मत दुसरा दावा नाकारते: देव एकच असून पिता, पुत्र आणि आत्मा ही त्याची प्रकट होण्याची रूपे आहेत.

हा भेद पारखायचा असेल, तर एकच प्रश्न विचारावा: गेथशेमाने बागेत येशूने प्रार्थना केली, ती कोणाला? एरियसच्या अनुयायाला येथे अडचणच नाही. निर्मिलेल्याने निर्मात्याची प्रार्थना केली, आणि ‘माझ्यापेक्षा पिता थोर आहे’ हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन तो आनंदाने पुढे करतो. सबेलियसच्या वाटेने जाणाऱ्याचा आधार त्याच शुभवर्तमानात आहे, ‘मी आणि पिता एक आहोत’. मात्र प्रार्थनेपाशी तो अडखळतो, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकच ठरतो. येशूतील मनुष्यत्वाने आपल्यातीलच देवत्वाला हाक मारली, असे उत्तर आजचे वननेस पेंटेकोस्टल, म्हणजे याच वाटेने जाणारे ख्रिस्ती गट, साधारणपणे देतात. हीच अडचण क्रुसापाशीही येते, आणि म्हणूनच प्राचीन ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने असेच मत मांडणाऱ्या प्राक्सियसला ‘याने पित्यालाच क्रुसावर खिळले’ असा टोमणा मारला होता. एरियसविरुद्ध हा टोमणा कोणी मारूच शकला नसता.

जाता जाता एक तक्रार. पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दृष्टान्त देऊन त्रैक्य शिकवणाऱ्यांनी तो कृपया कायमचा टाकून द्यावा. एकच द्रव्य परिस्थितीनुसार तीन रूपे घेते, ही सबेलियसची शिकवण झाली. त्रैक्याच्या बचावासाठी निघालेला शिक्षक नकळत तिचाच प्रचार करतो.

आजच्या गटांपैकी यहोवाचे साक्षीदार एरियसच्या जवळचे आहेत. युनिटेरियन परंपरेतील पुष्कळ जण त्याच्याही पुढे जाऊन येशूला केवळ मनुष्य मानतात. ‘युनिटेरियन’ आणि ‘वननेस’ या दोन्ही नावांत एकत्व असल्यामुळे गोंधळ वाढतो, पण नावापलीकडे त्यांच्यात फारसे साम्य नाही.

या दोन मतांतील अंतर चौथ्या शतकातील लोकांना पुरते ठाऊक होते. नायसिया येथील बिशपांच्या परिषदेने 325 मध्ये पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ असल्याचे ठरवले, तेव्हा या शब्दाने एरियसला रोखले खरे; पण पूर्वेकडील अनेक बिशपांना त्यातून सबेलियसच आत शिरेल अशी भीती वाटत होती. ती भीती अगदीच निराधार नव्हती. नायसियाचा कडवा समर्थक असलेला अंकिराचा बिशप मार्सेलस याला 336 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे पदावरून दूर करण्यात आले, आणि एरियसला विरोध करण्याच्या भरात सबेलियसची री ओढल्याचा ठपका त्याच्यावर होता.